पडद्याच्या दोन बाजूंना दोन घरं

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे आपल्याला पाठ असतं. त्याच महिन्याच्या 26 तारखेला तिकडे स्कॉटलंडमध्ये, कॅम्पबेलटाउन नावाच्या बंदराच्या गावात, एक चित्रपटगृह उघडलं. कोरोनेशन आज उरलं नाही. ते मात्र आहे, आणि नावही तेच आहे, पिक्चर हाउस.

गाव अगदी आडबाजूला, किंटायर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी. ग्लासगोहून रस्त्याने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. एकेकाळी तिथे तीसच्या आसपास दारूच्या भट्ट्या होत्या (आपल्याला त्याचं काय कौतुक म्हणा!), हेरिंग माशांचा मोठा व्यापार होता, छोटी रेल्वेही होती. पहिल्या महायुद्धानंतर भट्ट्या एकेक करून विझल्या, 1932 मध्ये रेल्वे बंद पडली. अशा पडत्या काळातच, 1935 च्या सुमारास, या थिएटरला आतून नवं रूप दिलं गेलं. मला याचंच नवल वाटतं.

काम दिलं ते मूळ इमारत बांधणाऱ्या अल्बर्ट गार्डनर यांनाच. आपण जुना दागिना मोडून घडवायला घरच्या सोनाराकडेच जातो, तसं. त्यांनी पडद्याच्या दोन बाजूंना दोन छोटी घरं उभी केली, खिडक्या नि कौलांसकट, आणि वर रंगवलेलं आकाश. बाहेर समुद्रावरचा वारा नि पाऊस, आणि आत बसलं की एखाद्या उन्हाळी देशातल्या अंगणात बसल्यासारखं. स्कॉटलंडच्या बोलीत त्या घरांना ‘वी हूजेस’, म्हणजे चिमुकली घरं, म्हणतात. गावात पुढे रेक्स नावाचं मोठं थिएटर झालं, त्यामुळे हे थिएटरही ‘वी पिक्चर्स’ झालं. मोठं रेक्स गेलं, धाकटं राहिलं.

तेही सहज राहिलं नाही. 1986 मध्ये दाराला कुलूप लागलं. घराघरांत टीव्ही आलेला, माणसं येईनात. पण गावकऱ्यांनी संस्था काढली, पैसे जमवले, वास्तू विकत घेतली आणि 1989 मध्ये पडदा पुन्हा उजळला. तेव्हापासून ते गावाच्याच मालकीचं आहे.

2014 मध्ये ते पुन्हा बंद झालं, पण या वेळी जीर्णोद्धारासाठी. आपल्याकडे जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की जो तो आपला वाटा उचलतो, त्याचीच आठवण झाली. इथे सुमारे 35 लाख पौंड लागले, मोठा भाग अनुदानांतून आला, पण वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली ती गावातलीच माणसं. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव!

2017 च्या अखेरीस ते उघडलं. दुसरा छोटा पडदा हवा होता, तो शेजारी नवं बांधकाम करून बसवला. जुन्या दालनातली दोन्ही घरं जागच्या जागी आहेत.