मद्रास मेलच्या वाटेवरचे दोन जिल्हे

ब्रिटनमध्ये 1862 पासून लंडनहून सकाळी दहाला एडिंबराकडे सुटणारी आणि पुढे 'फ्लाइंग स्कॉट्समन' या नावाने जगभर गाजलेली गाडी सुमारे 630 किलोमीटर धावत असे. मुंबई–मद्रास लोहमार्ग जवळजवळ त्याच्या दुप्पट लांबीचा, आणि त्याच्या मध्याच्या जवळपास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येत होते. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ 1860 मध्ये सोलापूरला पोचले, 1863 मध्ये बोरघाटाचा चढ पार झाला आणि 1871 मध्ये रायचूरला हा मार्ग मद्रास रेल्वेला मिळाला. दोन्ही कंपन्यांचे मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमध्ये साडेपाच फुटांचे अंतर असलेले, असल्यामुळे सांध्यावर गाडी बदलण्याची गरज उरली नाही.

याच मार्गावरून मद्रास मेल धावे. मेल म्हणजे टपाल नेणारी, मोजक्याच ठिकाणी थांबणारी गाडी. तिची आखणी दोन बंदरांच्या सोयीने झाली होती, वाटेतल्या मुलखाच्या नव्हे. तरीही या मुलखाने ती वाट आपलीशी केली. गाणगापूर रोड स्थानकामुळे भीमाकाठचे दत्तक्षेत्र पुण्या-मुंबईच्या भाविकांच्या आवाक्यात आले, तर शहाबादच्या खाणींतील चुनखडीचा दगड 'शहाबादी फरशी' म्हणून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. ती फरशी रोज पुसणाऱ्या कित्येकांना शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातले गाव असल्याचे ठाऊक नसते.

याच मार्गावरच्या वाडी स्थानकाचे महत्त्व निराळे होते. 1874 मध्ये तेथून सिकंदराबादचा फाटा सुरू झाला आणि मुंबईहून हैदराबादला जाणाऱ्याची वाट वाडीवरून वळू लागली. हा फाटा पुढे 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'कडे गेला. 'गॅरंटीड' याचा अर्थ भागधारकांच्या भांडवलावरील व्याजाची हमी सरकारने घेतलेली. बिदर मात्र या साऱ्यापासून दूर राहिले. विसाव्या शतकात तेथे रूळ आले, पण ते विकाराबादकडून. त्यामुळे गुलबर्गा आणि बिदर या बहमनींच्या दोन राजधान्यांमधला रेल्वेप्रवास विकाराबाद आणि वाडीचा वळसा घालूनच करावा लागे, आणि 1956 मध्ये दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेल्यावरही तो वळसा चुकला नाही. हुमनाबादवरून जाणारा सुमारे 110 किलोमीटरचा थेट मार्ग 29 ऑक्टोबर 2017 रोजी खुला झाला.