जाते, फासा आणि दीपेंद्र प्रसाद
उजनीकाठच्या जुन्या घरातील जाते खुंट्याभोवती फिरते. उभी दिशा तशीच राहते; फिरतात त्या केवळ आडव्या दिशा. अवकाशातील सर्व भ्रमणांचा गट घेतला, तर मात्र तिन्ही मिती एकसंध राहतात, त्यांतून एखादी वेगळी काढता येत नाही. गणितज्ञ याला अविभाज्य प्रतिरूपण म्हणतात. लांबी बदलत नसल्याने ते युनिटरीही असते. जात्यापुरता लहान उपगट घेताच ते फुटते.

पण फुटणे अटळ नव्हे. घनाकृती फासा पुन्हा त्याच जागेत बसवणाऱ्या 24 भ्रमणांपुढे हेच प्रतिरूपण अभंग राहते. पाच मितींचे मात्र तेथे दोन आणि तीन असे दुभंगते. 1929 मध्ये हान्स बेथे यांनी याच हिशेबाने स्फटिकातील अणूच्या ऊर्जापातळ्या कशा विलग होतात, हे दाखवले.

अनंत मितींत प्रश्न अधिक बिकट: तुकडे नेमके कोणते? 1992 मध्ये बेनेडिक्ट ग्रॉस आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपेंद्र प्रसाद यांनी एका मितीने लहान भ्रमणगटात उतरण्याविषयी धाडसी भाकीत मांडले. तुकडा निघेल की नाही, हे संख्यासिद्धांतातील +1 वा −1 या चिन्हांवरून ठरते! 2012 मध्ये वी टेक गान यांच्यासह हे भाकीत युनिटरी गटांपर्यंत पोहोचले.