चकाकणारा बोल्ट पक्का असतो का?

आजची गोष्ट बोटभर लांबीच्या धातूची. सुळका चढताना किंवा रॅपलिंग करताना आपण ज्याच्यावर जीव टाकतो, त्या बोल्टची. पहिल्यांदा रोपला लटकण्याआधी मी विचारलं होतं, "पक्का आहे ना?" उत्तर आलं, "अरे, सगळे इथूनच उतरतात." तेव्हा मला तेवढं पुरलं. आज पुरणार नाही. का, ते ऐका.

ऑक्टोबर १९३९. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात शिपरॉक नावाचा सुमारे ४८० मीटरचा सुळका आहे. नवाहो लोकांसाठी तो पवित्र. डेव्हिड ब्रोअर आणि त्याच्या तीन साथीदारांनी तो पहिल्यांदा सर केला. कातळात भोकं पाडून त्यांनी चार एक्स्पान्शन बोल्ट ठोकले. अमेरिकन क्लाइंबिंगमधले हे पहिले बोल्ट मानले जातात. पिटॉनला कातळात फट लागते, बोल्टला लागत नाही. म्हणजे जिथे काहीच पकड नाही, तिथेही आता वाट होती.

पण हाताने भोक पाडणं म्हणजे घाम काढणारं काम. म्हणून पुढची कित्येक वर्षं पाव इंची, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट चालले. ते जुने झाले, गंजले, तरी लोक लटकत राहिले. अखेर १९९८ मध्ये अमेरिकन सेफ क्लाइंबिंग असोसिएशन उभी राहिली आणि जुने बोल्ट बदलायचं काम सुरू झालं. बदलताना काही बोल्ट फारसा जोर न लावताच बाहेर आले!

आता खरा धक्का. थायलंडमध्ये रायले आणि तोनसायला समुद्रकाठी चुनखडीचे कडे आहेत. तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थोड्याच वर्षांत तुटू लागले. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आणि धातूवरचा ताण मिळून स्टीलला आतून बारीक तडे पाडतात. बाहेरून बोल्ट मात्र जवळपास नवाच दिसतो. शेवटी तिथे टायटॅनियमचे बोल्ट गोंदाने बसवायला लागले.

मग आपण काय बघायचं? बोल्ट किती जाड आहे? हँगर सैल फिरतोय का? गंजाचे ओघळ आहेत का? बोल्ट आणि हँगर वेगवेगळ्या धातूंचे आहेत का? तसे असतील तर गंज लवकर चढतो. आजूबाजूचा कातळ ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर बोल्ट कितीही भारी असो, उपयोग शून्य. आणि सगळं ठीक दिसलं तरी एकाच बोल्टवर अँकर करायचा नाही. किमान दोन.

आपला सह्याद्री बेसाल्टचा, थायलंडसारखा चुनखडीचा नाही. पण पावसाळा आपल्याकडे धो धो आहे, आणि कोकणात समुद्रालगत खारी हवाही आहेच. म्हणून हल्ली मी "पक्का आहे ना?" असं विचारत नाही. मी विचारतो, "कुणी मारला, कधी मारला, कुठल्या धातूचा आहे?" उत्तर मिळालं नाही तर बॅकअप लावतो. तोही जमला नाही तर सरळ मागे फिरतो. सुळका कुठे पळून जात नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, रोप लावण्याआधी दोन मिनिटं थांबा.