वेशीपलीकडची वसुली

समजा, मिशिगनमधल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बाईची नोकरी गेली. तिने काही आठवडे बेकारी भत्ता घेतला आणि पुढे बहिणीच्या आधाराने टेक्सासला बिऱ्हाड हलवले. तिथे नोकरी लागली. दोन वर्षांनी तीही गेली. आता टेक्सासने भत्ता मंजूर केला, पण खात्यावर दर आठवड्याला ठरल्यापेक्षा कमीच पैसे जमा होऊ लागले. चौकशीत कळले, की मिशिगनने पूर्वी तिला काही रक्कम जादा दिली होती आणि ती बाकी टेक्सास वळती करून घेत आहे. मिशिगनची नोटीस तिच्या जुन्या पत्त्यावर केव्हाच येऊन पडली होती. अपिलाची मुदतही टळली होती.

ही बाई काल्पनिक आहे. तिची गोष्ट मात्र नेहमीची. पगारपत्रकाशी संबंध आलेल्या कुणाही मराठी वाचकाला ‘अतिप्रदान’ हा शब्द ठाऊक असतो, आणि पाठोपाठ येणारी ‘वसुली’ही. अमेरिकेत अतिप्रदानाला राज्याची हद्द आडवी आली की काय होते, हा आंतरराज्य वसुलीच्या अभ्यासाचा प्रश्न. वरकरणी विषय रुक्ष वाटतो. पण संघराज्य म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला तरी याच्याइतकी सोयीची दुसरी खिडकी सापडलेली नाही. नव्या वाचकाचे तिथे मनापासून स्वागत आहे.

आरंभ १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून करावा. बेकारी विमा सबंध देशाचा एक असावा, की राज्याराज्यांचा वेगळा, या वादातून मधली वाट निघाली. केंद्राने मालकांवर कर बसवला आणि मान्य निकषांत बसणारी योजना राज्याने चालवली तर त्या करात मोठी सूट दिली. ही सक्ती आहे की आमिष, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९३७ साली ‘स्टुअर्ड मशीन कंपनी’ खटल्यात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी पाच विरुद्ध चार मतांनी ही रचना वैध ठरवली. आज ५० राज्ये, राजधानीचा जिल्हा, पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटे मिळून अशा ५३ योजना आहेत. प्रत्येकीचे नियम, भत्त्याचे दर आणि निधीचे खाते वेगळे. म्हणून मिशिगनचे जादा गेलेले पैसे ही मिशिगनचीच तूट असते. ती भरून काढण्यात टेक्सासचा स्वतःचा असा काही लाभ नसतो.

मुळात जादा पैसे जातात कसे? लबाडी हे एकच कारण धरून चालणाऱ्या अभ्यासकाचा पाया कच्चा राहतो. बहुतेक राज्यांत कमाई ज्या आठवड्यात झाली त्या आठवड्यात दाखवायची असते, पगार हाती आला त्या आठवड्यात नव्हे, तीही कपातीपूर्वीची. इथे साधी माणसे चुकतात. दुसरे कारण कायद्याच्या गाभ्यातच आहे. मालकाने अपील केले की कॅलिफोर्निया भत्ता थांबवत असे. १९७१च्या ‘जावा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नामंजूर केले. भत्ता देय होताच द्यायचा, वाद मागाहून मिटवायचा, हे तेव्हा ठरले. चूल पेटती ठेवायची तर थोडे पैसे चुकीच्या हाती जाणारच. अतिप्रदान ही या तातडीची किंमत आहे. ती कुणी सोसायची, यावर सारे भांडण आहे.

आता हद्दीकडे येऊ. भत्ता कुणी द्यायचा हे काम कुठे केले यावर ठरते, राहता कुठे यावर नाही. न्यूयॉर्कशेजारच्या राज्यात एडिसनमध्ये घर आणि मॅनहॅटनला नोकरी असलेल्या मराठी माणसाचा भत्ता न्यूयॉर्कचा कायदा ठरवतो. केवळ दुसऱ्या राज्यात राहायला गेला म्हणून कुणाचा भत्ता नाकारू किंवा कमी करू नये, असे बंधन १९७०च्या दुरुस्तीने राज्यांवर घातले. अनेक राज्यांतली मजुरी एकत्र जोडून दावा करण्याची सोयही तेव्हाच सक्तीची झाली. म्हणजे वेस आधी हक्काने ओलांडली.

वसुली मागून आली. एका राज्याचा प्रशासकीय आदेश दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यासाठी न्यायालयाचा निवाडा मिळवून तो तिथे नोंदवावा लागतो, आणि किरकोळ रकमेसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून राज्यांनी परस्परांशी करार केले: तुमची बाकी आम्ही आमच्या भत्त्यातून कापू, आमची तुम्ही कापा. १९८६च्या केंद्रीय कायद्याने अशा कपातीला मुभा दिली आणि २०१२च्या कायद्याने तीच सक्तीची केली.

दुसरे हत्यार याहून धारदार आहे: प्राप्तिकराचा परतावा. लबाडीने घेतलेला भत्ता केंद्रीय परताव्यातून वळता करण्याची परवानगी २००८ साली मिळाली. पण कर्जदाराचा पत्ता मागणी करणाऱ्या राज्यातलाच हवा, अशी अट होती. घर बदलले की परतावा सुटला! २०१०च्या कायद्याने ही अट आणि दहा वर्षांची कालमर्यादा, दोन्ही काढली. २०१३ साली हा मार्ग वापरणे राज्यांना बंधनकारक झाले. या तीन वर्षांचे कायदे ओळीने वाचले, तर वेस कशी विरघळत गेली ते डोळ्यांपुढे उभे राहते.

मात्र ती एकाच बाजूने विरघळली, आणि या विषयात मला सांगायचे आहे ते हेच. टेक्सास पैसे कापते, पण ती बाकी खरी की खोटी याची शहानिशा करण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. तक्रार न्यायची ती मिशिगनकडेच. मिशिगन राज्यावर टेक्सासच्या न्यायालयात दावा लावू म्हटले, तर २०१९च्या ‘हायट’ निकालाने ती वाटही बंद आहे. एका राज्याला त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या न्यायालयात खेचता येत नाही.

भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. आपल्या १८९०च्या महसूल वसुली कायद्यात एका जिल्ह्याचा कलेक्टर दुसऱ्याला दाखला धाडतो आणि दुसरा ती बाकी आपलीच समजून वसूल करतो. बाकी अमान्य असलेल्याने लेखी हरकत नोंदवून पैसे भरायचे आणि मग दावा लावायचा. तो कुठे? दाखला धाडणाऱ्या कलेक्टरच्या हद्दीत. एकसंध महसूल व्यवस्था असूनही पैसे राहत्या गावी कापले जातात आणि दाद मात्र दूरच्या गावी मागावी लागते. म्हणजे या विषमतेचा सगळा दोष संघराज्याच्या माथी मारता येत नाही.

या विषमतेची खरी झळ मिशिगनमध्येच दिसली. २०१३ ते २०१५ या काळात ‘मायडास’ नावाच्या संगणक प्रणालीने ४० हजारांवर लोकांना लबाड ठरवले. दंड जादा रकमेच्या चौपट होता. अनेकांचे पगार आणि कर-परतावे गेले. केवळ संगणकाने दिलेले २२ हजारांहून अधिक निर्णय पुढे तपासले, तेव्हा ९३ टक्के चुकीचे निघाले. २०२२ साली २ कोटी डॉलरची तडजोड झाली. करोनाकाळाने दुसऱ्या टोकाची बाजू दाखवली. त्या काळात लबाडीत गेलेला भत्ता १०० ते १३५ अब्ज डॉलर असावा, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये मांडला. ज्या राज्यात कधी पाऊल ठेवले नाही, तिथल्या भत्त्याची कागदपत्रे कित्येकांच्या घरी आली, कारण त्यांच्या नावाने दुसऱ्याच कुणी पैसे उचलले होते. वसुली ढिली सोडा असे म्हणणे म्हणूनच सोपे नाही.

नव्या अभ्यासकाला एक वाट सुचवतो. कायद्याची कलमे वाचाच. पण त्याआधी अपिलांचे निर्णय वाचा. वसुली माफ करण्यासाठीच्या अर्जात ‘न्यायबुद्धीला धरून’ या शब्दांचा अर्थ राज्यागणिक कसा बदलतो, ते पाहा. आणि वसुलीचे कोणतेही प्रकरण हाती आले, तर रकमेवर नजर टाकण्याआधी नोटिशीवरचा पत्ता पाहा. ती निघाली त्या दिवशी माणूस तिथे राहत होता का? टेक्सासला गेलेल्या त्या बाईचे सारे प्रकरण या एका प्रश्नात मावते.