कोय की कलम : परसातल्या आंब्याचा इतिहास

परसात आंबा लावू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोय पुरावी की कलम आणावे, हा. वरकरणी हा बागकामाचा प्रश्न आहे. वस्तुतः त्यामागे काही शतकांचा इतिहास आहे आणि तो मुख्यतः माणसाने काळाशी केलेल्या व्यवहाराचा आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'पासून आरंभ करू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम सांगताना, रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; लोकांनी ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली असतात. झाड जीर्णच झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊनच ते तोडावे. येथे झाडाची किंमत लाकडावर नव्हे, तर त्याच्यासाठी खर्ची पडलेल्या आयुष्यावर ठरते.

कोयीपासून वाढलेल्या झाडाला फळ धरण्यास आठ-दहा वर्षे सहज लागतात. शिवाय परपरागीकरणामुळे आपल्याकडील कोयीचे रोप मातृवृक्षाच्या गुणांचे निपजेलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच रायवळातला एकेक वृक्ष ही एकेक स्वतंत्र जात ठरते. साखरगोटी, शेप्या, खोबऱ्या ही नावे लोकांनी जिभेवर पारखून ठेवली.

घरच्या आंब्याची एक जुनी नोंद मुंबईची आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात तो तिथल्या स्वतःच्या आंब्याचा उल्लेख करतो. ते झाड वर्षातून दोनदा फळत असे, हे सांगताना त्या वैद्याचा मालकी अभिमान लपत नाही. असे झाड कोयीने पुन्हा मिळण्याचा भरवसा नव्हता. तो भरवसा कलमाने दिला.

गोव्यात आंब्याच्या कलमांचा प्रसार करण्याचे श्रेय सामान्यतः पोर्तुगीज काळातील जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. मानकुराद, मुसराद, फर्नांदिन ही नावे त्याच परंपरेतली. 'हापूस' हा शब्दही 'आफोंसो'चे मराठी रूप होय. भेटकलमात कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन, दोघांची साल तासून, ती घट्ट बांधून ठेवतात. पुढे कोकणात कोयकलमाची सोपी पद्धत रूढ झाली : कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर निवडक काडी बसवायची. आज परसात येणारे हापूसचे कलम म्हणजे तत्त्वतः एका प्राचीन वृक्षाचीच लांबत आलेली फांदी आहे.

तिची निगाही हा इतिहास ध्यानात ठेवूनच करावी लागते. लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा. त्याखालून येणारे फुटवे वेळीच खुडावेत, अन्यथा खालचा रायवळ वरच्या हापुसाला दडपून टाकतो. पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढून टाकावा, म्हणजे झाडाची शक्ती बांध्यात मुरते. भर पावसात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

कलमाने लावणाऱ्याला स्वतःच्या हयातीत फळ दिले, हे त्याचे थोर उपकार. तथापि त्याची किंमत रायवळाने मोजली. हापूसचे एक झाड गेले तर दुसरे आणता येते. शेप्या तोडला गेला की ती चव कायमची संपते. यावर उपायही कलमाचाच आहे. जुन्या वाड्याच्या वा चाळीच्या आवारातला रायवळ पुनर्बांधणीत जाणार असेल, तर त्याच्या काड्या आधी घेऊन दुसऱ्या रोपांवर बांधता येतात. हापुसासाठी जे तंत्र वापरले गेले, ते घरच्या निनावी आंब्यासाठी वापरण्यास कोणाची आडकाठी आहे? 'आज्ञापत्रा'ने झाडाच्या धन्याला विचारायला सांगितले होते. आता ते विचारणे धन्याने स्वतःलाच करायचे आहे.