हौद्यावरचा टप: जुन्या पिकअपच्या फायबरग्लास छपराचा इतिहास

१/१४
मराठी माणसाला ‘टप’ ठाऊक असतो एसटीचा आणि ‘हौदा’ ट्रकचा. अमेरिकेत पिकअपच्या उघड्या हौद्यावर जो सुटा टप बसवतात, त्याला तिथे ‘टॉपर’ म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वीचा असा एखादा फायबरग्लासचा टॉपर परसात विटून पडलेला सापडतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो: तो भंगार मानावा की इतिहासाचे साधन? या धाग्यात त्याच प्रश्नाचा मागोवा.

२/१४
आरंभ हौद्यापासून करावा लागतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे शेतकरी स्वतःच लाकडी पेटी ठोकून घेत आणि तीतून धान्य, दूध, अवजारे वाहत. ही गरज ओळखून फोर्डने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत होती २८१ डॉलर. वापरणाऱ्याने आधी जुगाड करावा आणि कंपनीने मागाहून त्याचे उत्पादन करावे, असा हा क्रम होता. तो ध्यानात ठेवावा, कारण पुढेही तो दिसणार आहे.

३/१४
आता फायबरग्लास. १९३२ च्या सुमारास ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाखालील हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळला आणि काचेचे अतिसूक्ष्म तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी या अपघातातून उत्पादनाची पद्धत घडवली. १९३८ मध्ये त्यातूनच ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली.

४/१४
नुसत्या तंतूंचे छप्पर होत नाही. त्यांना धरून ठेवणारी राळ लागते. दुसऱ्या महायुद्धात काचतंतू आणि कृत्रिम राळ यांच्या मिश्रणातून विमानांच्या रडारवरची आवरणे बनवली गेली. धातू रडारच्या लहरी अडवतो, हे मिश्रण त्यांना वाट देते. युद्ध संपल्यावर हेच तंत्र नौकाबांधणीत शिरले. कोकणच्या किनाऱ्यावर आज दिसणाऱ्या ‘फायबरच्या’ होड्या याच कुळातल्या.

५/१४
मग हे तंत्र मोटारीकडे वळले. ३० जून १९५३ रोजी फ्लिंट येथे पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट तयार झाली. तिचे सारे अंग फायबरग्लासचे होते आणि त्या वर्षी केवळ ३०० गाड्या बनल्या. १९५५ मध्ये शेव्हरोलेनेच ‘कॅमिओ कॅरियर’ हा पिकअप आणला. त्याच्या पोलादी हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे गुळगुळीत पत्रे लावलेले होते. मालवाहू गाडीही देखणी असू शकते, हे अमेरिकेने तेव्हा पाहिले.

६/१४
फायबरग्लासच का? उत्तर अर्थशास्त्रात आहे. पोलादी पत्रा दाबून घडवायला प्रचंड यंत्र आणि महागडे साचे लागतात; तो खर्च हजारो नग विकले तरच निघतो. फायबरग्लासचा साचा स्वस्तात बनतो. त्यावर तंतूंची चटई अंथरायची, राळ चोपडायची आणि ती घट्ट होईपर्यंत थांबायचे. काम संथ आणि हाताचे. पण त्यामुळेच चार-सहा माणसांची कार्यशाळाही टॉपर बनवू शकली. मोठ्या कंपन्यांच्या इतिहासाआड दडलेला हा लहान कारागिरांचा इतिहास आहे.

७/१४
मागणी निर्माण केली रस्त्यांनी. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांना मंजुरी मिळाली. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांच्या सुधारणेसाठी ‘मिशन ६६’ ही योजना सुरू झाली. १९६० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक पिकअपवर खोलीवजा कॅम्पर चढवून, चार्ली नावाच्या कुत्र्यासह देश पाहायला निघाले. गाडीचे नाव त्यांनी दोन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवले. ती आज कॅलिफोर्नियात सलीनास येथील संग्रहालयात आहे.

८/१४
स्टाइनबेक यांच्या कॅम्परमध्ये अंथरुण होते, स्वयंपाकाची सोय होती. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्यासाठी टॉपर होता: चार बाजू, वर छप्पर, मागे उघडणारे दार. आठवडाभर त्यात सुताराची हत्यारे कोरडी राहत आणि सुटीच्या दिवशी गादी टाकून कुटुंब झोपे. एकच गाडी श्रमाची आणि विरंगुळ्याचीही झाली. १९६९ मध्ये शेव्हरोलेने ‘ब्लेझर’ आणली. आखूड केलेल्या पिकअपच्या सांगाड्यावर काढता येणारे फायबरग्लासचे छप्पर, अशी तिची रचना होती. आधी वापरणारा, मग कंपनी, हा क्रम इथे पुन्हा दिसतो.

९/१४
टॉपरचा काळ ठरवणे सोपे नाही. गाडीला क्रमांक असतो, कागदपत्रे असतात. टॉपरला बहुधा एखादी चिकटपट्टी, तीही झिजलेली. शिवाय शेव्हरोलेच्या १९७३ च्या पिकअपचा मूळ आराखडा १९८७ पर्यंत चालला. म्हणजे एका गाडीसाठी घेतलेला टॉपर मालकाने गाडी बदलल्यावर दुसरीवर सहज चढे. ज्या गाडीवर तो आज आहे तिचे वय हे त्याचे वय समजणे, ही अभ्यासकाची पहिली चूक ठरते.

१०/१४
तो विटतो कशाने? फायबरग्लासच्या बाहेरच्या बाजूस जेलकोट नावाचा रंगीत राळेचा थर असतो, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उन्हातील अतिनील किरणांनी तो खडूसारखा भुरभुरतो. कोपऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. खिडक्यांचे रबर कडक होऊन पाणी आत झिरपते. पोलाद गंजते तसे फायबरग्लास गंजत नाही, म्हणून तो अमर आहे असा समज होतो. तो खरा नाही.

११/१४
जीर्णोद्धाराची रीत ठरलेली आहे. आधी धुऊन कोरडा करणे. मग ६०० पासून २००० क्रमांकापर्यंतचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवणे, त्यानंतर पॉलिश आणि शेवटी मेण. भेग खोल असेल तर ती कोरून रुंद करतात आणि चटई व हार्डनर मिसळलेली राळ भरतात. काचेची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून मास्क अनिवार्य. घाई केली तर जेलकोट झिजून खालचे तंतू उघडे पडतात; तो थर मग परत आणता येत नाही.

१२/१४
टॉपर बसवण्यातही शहाणपण आहे. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे जोडलेले असतात आणि खडबडीत रस्त्यावर वेगवेगळे पिळवटतात. म्हणून टॉपर केबिनला कधी घट्ट जोडत नाहीत. मधे लवचीक रबर ठेवतात. हौद्याच्या कडेवर फोमची पट्टी लावून चार माणसे तो उचलून अलगद ठेवतात, दारापाशी काटकोन तपासतात आणि आतून क्लॅम्प आवळतात. जुन्या पत्र्याला भोके पाडायची नाहीत. जे जोडले ते उद्या खूण न ठेवता काढता यावे, हे वारसा-संवर्धनाचे तत्त्व एका साध्या क्लॅम्पमध्ये सामावलेले आहे.

१३/१४
आता मूळ प्रश्न. जुन्या गाड्यांचे अनेक शौकीन टॉपर उतरवून फेकतात. कारखान्यातून निघाली तशीच गाडी त्यांना हवी असते. पण स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने वेगळी भूमिका घेतली: वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली मोलाची भर जपावी, शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नव्हे. हेमाडपंती गाभाऱ्यापुढचा मराठाकालीन सभामंडप ‘मूळचा नाही’ म्हणून कुणी पाडत नाही. मग पिकअपला वेगळा न्याय का? कारखाना सोडला तो दिवस गाडीचा जन्मदिवस खरा. तिचे आयुष्य त्यानंतरचे आहे, आणि ते टॉपरवर नोंदले गेले आहे.

१४/१४
एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. टाकून दिलेल्या टॉपरचा नवा टॉपर होत नाही. तो कापून गाडला जातो आणि त्यासोबत एका अनाम कार्यशाळेचा पुरावाही. म्हणून वॉटर पेपर हाती घेण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, निर्मात्याची चिकटपट्टी जपावी आणि आतल्या एखाद्या कोपऱ्यात हातभर जागा न घासता तशीच सोडावी. उरलेला टप आरशासारखा चमकला तरी हरकत नाही. त्या हातभर जागेवर कुणी तरी टेकवलेल्या हत्यारांचे ओरखडे असतील, आणि त्या माणसाने मागे ठेवलेला दस्तऐवज बहुधा तेवढाच असेल.

(धागा समाप्त)