व्याधाचा उदय आणि प्राचीन इजिप्तची कालगणना

प्राचीन इजिप्तची शेती नाईल नदीच्या वार्षिक पुरावर अवलंबून होती. सूर्यसान्निध्यामुळे सुमारे ७० दिवस अदृश्य असलेला व्याध तारा पहाटे पूर्वक्षितिजावर पुन्हा दिसू लागला, की पूर समीप आल्याचे मानले जाई. पूर, पेरणी व सुगी असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू तेथे होते.

राज्यकारभारासाठी मात्र ३० दिवसांचे १२ महिने व ५ जादा दिवस असे ३६५ दिवसांचे वर्ष रूढ झाले. ते सुमारे पाव दिवसाने अपुरे असल्यामुळे व्याधोदयाची तिथी दर चार वर्षांनी एक दिवस पुढे सरके आणि सुमारे १,४६० वर्षांनी मूळ स्थानी येई. इ. स. पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात पुरोहितांनी कॅनोपस येथे ठराव करून दर चार वर्षांनी एक दिवस वाढविण्याचे ठरविले. सण भलत्या ऋतूत येऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. तथापि हा ठराव रूढ झाला नाही. रोमन सम्राट ऑगस्टसच्या कारकिर्दीत ही सुधारणा अमलात आली.

या दिरंगाईस केवळ अज्ञान म्हणता येत नाही. प्रत्येक वर्ष समान लांबीचे असल्याने दोन घटनांमधील दिवस मोजणे सुलभ होते. म्हणूनच इ. स. च्या दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ क्लॉडियस टॉलेमी याने आपल्या गणितासाठी हेच वर्ष वापरले. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच गणिताच्या दृष्टीने गुण ठरला. प्राचीन कालगणनेचे मूल्यमापन करताना अचूकतेइतकाच तिचा उपयोगही विचारात घेणे आवश्यक ठरते.